गाडी कोण चालवत होतं

विम्याचा माणूस दुकानात आला तेव्हा तिला वाटलं, गिऱ्हाईकच आहे. त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला, डावी दांडी सैल झाल्याचं सांगितलं, आणि ती बारीक स्क्रू आवळत असताना सहज हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं, "त्या दिवशी गाडी तुम्हीच चालवत होता ना?"

तिच्या हातातला स्क्रू निसटून कुठेतरी गेला. तो मग सापडलाच नाही.

तिला गल्लीत सगळे काचवाली म्हणत. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या खोलीत बसून ती काचा घासायची. फिरत्या दगडावर पाणी ठिबकत असतं, काचेची कड त्याला लावायची, अंगठ्याने दाब द्यायचा, आणि फ्रेमच्या मापात बसेपर्यंत हळूहळू फिरवत राहायची. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. दाब जरा जास्त झाला तर काच तडकते, कमी पडला तर कड ओबडधोबड राहते. दुकानाचे मालक म्हणायचे, हिच्या अंगठ्याला डोळे आहेत. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तिला हे ऐकून बरं वाटायचं.

दोन महिन्यांपूर्वी तिची नणंद टपालखात्यात कायम झाली होती. दोघी एकाच वयाच्या. लग्न होऊन घरात आल्यावर हिने तिला पहिल्यांदा 'वन्सं' अशी हाक मारली ती निव्वळ चेष्टेने. तिने तोंड वाकडं केलं, आणि मग तीच हाक कायमची चिकटली. नणंद रोज नऊ-दहा मैल चालून टपाल वाटायची. पिशवी खांद्यावर, कुत्र्यांशी ओळख, कुठल्या घराची पायरी निखळली आहे ते पाठ. कायम झाल्याच्या आनंदात ती म्हणाली, "वहिनी, एक दिवस तरी मी पायांनी जाणार नाही. बसून जाऊ कुठेतरी." आणि तिने शहराबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांवर क्वाड बाईकची फेरी ठरवली. चार जाड चाकांची, उघडी, खडखड करणारी गाडी. पुढे एकाने चालवायची, मागे एकाने बसायचं. ब्रेक हँडलला असतो आणि रेस द्यायची ती पायाने नाही, मुठीने नाही, तर उजव्या अंगठ्याने. एक छोटीशी पट्टी असते, ती अंगठ्याने दाबायची.

"तुझा अंगठा तर नावाजलेला," नणंद म्हणाली आणि हसत हसत मागे बसली.

पाचव्या-सहाव्या उतारावर गाडी सुटली. फेरी घेऊन जाणारा माणूस आपल्या गाडीवर पुढे होता, तो खाली पोचलाही होता. हिला एवढंच आठवत होतं की उतार लागला, पोटात खड्डा पडला, आणि गाडी हळू व्हायच्या ऐवजी झेपावली. मग वाळू, मग आभाळ, मग गाडी आडवी आणि तिच्याखाली नणंदेचा डावा पाय. आठवणीतलं हे सगळं मुकं होतं. नणंदेचं उघडं तोंड दिसायचं, आवाज यायचा नाही.

हिला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. नणंदेचा गुडघा आणि नडगी अशी चेचली होती, की तीन शस्त्रक्रियांनंतर डॉक्टर पाय वाचला म्हणाले, चालण्याबद्दल मात्र काही बोलले नाहीत.

"तुम्ही घाबरू नका," विम्याचा माणूस म्हणाला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे लहान आणि मऊ दिसत होते. "मी तुमच्या बाजूनेच आलोय. अपघात झाल्या झाल्या तुम्ही तिथल्या माणसाला काय सांगितलंत, आठवतं?"

तिला आठवत होतं. दोन महिने ती तेच तर विसरायचा प्रयत्न करत होती.

त्याने खिशातून कागद काढून तिच्यासमोर उलगडला. वर गाड्या भाड्याने देणाऱ्या त्या कंपनीचं नाव, तारीख, आणि खाली कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात लिहिलेलं: चालवणाऱ्या बाईंनी सांगितलं की माझ्याकडून दाबलं गेलं.

"हे आमच्याकडे आहेच," तो म्हणाला. "आता तुमच्या नणंदबाई वकील बघतायत, असं कानावर आलं. बघू देत, त्यांचा हक्कच आहे. पण दावा लागला की पहिला प्रश्न हाच, गाडी कोण चालवत होतं. मग भरपाई कुणाकडून मागतील? तुमच्याकडून. तुमच्या नवऱ्याचं घर आहे ना, त्याच्यापर्यंत गोष्ट जाईल. सख्ख्या बहिणीने भावाच्या घरावर टाच आणायची, बरं दिसतं का? त्यापेक्षा तुम्ही एवढ्या कागदावर सही करा. चूक माझी, गाडी ठीक होती. आम्ही तुमच्या मागे लागणार नाही, आणि त्यांना माणुसकी म्हणून काहीतरी देऊन टाकू. आठ दिवस विचार करा."

त्याने दुसरा कागद काढून काउंटरवर ठेवला, स्क्रू नसलेली दांडी एका हाताने धरून चष्मा तसाच डोळ्यांवर चढवला आणि तो गेला. मालकांनी विचारलं, "काय म्हणत होता?" ती म्हणाली, "काही नाही, दांडी सैल होती."

तो कागद तिने चार घड्या घालून कामाच्या झग्याच्या खिशात ठेवला. आणि मग ते आठ दिवस सुरू झाले.

नणंद एरवी आपल्या वेगळ्या खोलीवर राहायची, पण दवाखान्यातून सुटल्यापासून ती त्यांच्याच घरी, बाहेरच्या खोलीत खाटेवर होती. म्हणजे दारातून आत शिरलं की पहिला दिसायचा तो उशीवर ठेवलेला, लोखंडी सळ्यांनी जखडलेला पाय. काचवाली दाराशी क्षणभर थांबायची, श्वास घ्यायची, मग आत यायची. "आलीस?" नणंद म्हणायची. "आले," म्हणत ती सरळ स्वयंपाकघरात जायची. तिला वाटायचं, खिशातल्या कागदाचा आवाज ऐकू जातोय.

नवऱ्याचं वेगळंच. तो बंदरावर क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावर एकटा बसून खालच्या माणसांचे हात बघत ओझी हलवायची, त्यामुळे मुळातच बोलणं कमी. पण अपघाताबद्दल त्याने एकदाही विचारलं नव्हतं, कसं झालं म्हणून. दोन महिन्यांत एकदाही नाही. आधी तिला ते त्याचं मोठेपण वाटलं. आता वाटायला लागलं, त्याला माहीत आहे. जेवताना तो मान वर करायचा आणि तिचा घास हातातच थांबायचा, आता विचारणार. तो म्हणायचा, "मीठ दे जरा."

दुकानात तिने एका शिक्षकाच्या चष्म्याची उजवी काच डावीकडे बसवली. दुसऱ्या दिवशी दगडावर तीन काचा तडकल्या. अंगठा आपोआप दाबला जात होता. ती बघत असायची, आणि तो दाबायचा. सकाळी केस विंचरताना, बसमध्ये दांडा धरताना, तिला एकदम जाणवायचं की उजवा अंगठा कशावर तरी गच्च रोवलाय. मग ती दुसऱ्या हाताने तो सोडवायची. हाच तो, तिला वाटायचं. ह्यानेच केलं. चौथ्या दिवशी विम्याच्या माणसाचा दुकानात फोन आला. "काही घाई नाही, आठवण करून देत होतो." सहाव्या दिवशी पुन्हा आला. त्यानंतर फोन वाजला की ती मागच्या खोलीतून बाहेरच येईना.

सातव्या दिवशी नणंद म्हणाली, "वहिनी, उद्या अर्धा दिवस सुट्टी काढ. वकीलबाईंकडे जायचंय. मला एकटीला गाडीतून उतरता येणार नाही."

नाही कसं म्हणायचं?

वकीलबाईंचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर होतं. जिन्यात इस्त्रीच्या वाफेचा ओला वास. काचवालीने नणंदेला एकेक पायरी चढवलं, कुबड्या स्वतःच्या काखेत धरून. वकीलबाई पन्नाशीच्या, केस कापलेले, टेबलावर फायलींच्या उतरंडी. त्यांनी नणंदेचं सगळं ऐकून घेतलं, मग हिच्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही?"

"ही माझी वहिनी. हीच चालवत होती," नणंदेने सांगितलं.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला बाहेर बसावं लागेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "राग मानू नका. मी यांची वकील. उद्या समोरचे म्हणणार, दोष चालवणारीचा. तसं झालं तर तुमची बाजू आणि यांची बाजू एक राहणार नाही. तुम्ही इथे जे बोलाल ते मला यांच्यासाठी वापरावं लागेल, कदाचित तुमच्याविरुद्ध. तुम्ही तुमचा वेगळा वकील बघा."

"अहो, आम्ही एका घरातल्या आहोत," नणंद हसून म्हणाली.

"म्हणूनच सांगते," वकीलबाई म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर ती पाऊण तास बसली. दाराच्या दुधी काचेतून दोन आकृत्या दिसत होत्या, एक बोलणारी, एक लिहिणारी. खालून इस्त्रीचे धप्प, धप्प आवाज. आत काय चाललं असेल ते तिला शब्दन् शब्द कळत असल्यासारखं वाटत होतं. आता उतार आला. आता गाडी झेपावली. आता वकीलबाई विचारतायत, ब्रेक लावला होता का त्यांनी? आणि नणंद आठवतेय. तिच्या मनात आलं, उठावं, खाली जावं, कोपऱ्यावरून विम्याच्या माणसाला फोन करावा, म्हणावं, या, करते सही, फक्त हे थांबवा. ती उठलीही. पण कुबड्या तिच्याच मांडीवर होत्या. त्या घेऊन गेली असती तर नणंद बाहेर आली कशी असती? ती परत बसली.

परतताना टॅक्सीत नणंद खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर हिने तिला खाटेवर टेकवलं, पायाखाली उशी सारली, पाणी दिलं. आणि मग स्वयंपाकघराकडे वळायच्या ऐवजी ती तिथेच जमिनीवर बसली.

"वन्सं," ती म्हणाली. "मला तुला काहीतरी दाखवायचंय."

कागद घड्यांवर फाटायला आला होता. नणंदेने तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला घेतला तेव्हा हिने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. तो माणूस, फोन, घरावरची टाच, आणि त्या दिवशी आपण काय बोललो ते. "मला आठवत नाही गं," ती म्हणाली. "मी अंगठा उचलला की नाही, देवाशप्पथ आठवत नाही. मी दाबलाच असेल. नाहीतर गाडी कशाला सुटली असती?"

नणंदेने कागद मांडीवर ठेवला. तिचा आवाज ताठ होता.

"आठ दिवस हे तू खिशात घेऊन फिरतेयस. माझ्यासमोरून. मला वाटत होतं, माझं करून तू कंटाळलीस. दारातून येतेस ती माझ्याकडे न बघता आत जातेस. मी इथे पडून मोजत असते, किती पावलांत तू आत पळतेस ते. सहा."

"तसं नाही गं."

"आणि खरं सांगू? मीही विचार केलाय. हिने नीट का नाही चालवली म्हणून. रागही आलाय. पाय ठणकायला लागला की कुणाचा तरी राग यावाच लागतो."

काचवालीला रडू आलं नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी समोर खरं बोललं म्हणून छातीवरचा दगड जरासा सरकला. पण भीती तिथेच होती. आता ही काय करणार?

नणंद कागदाकडे बघत होती. मग तिने विचारलं, "गाडी उलटल्यावर तू काय केलंस?"

"तुला ओढत होते."

"कशी?"

"अशी," हिने दोन्ही हात पुढे केले. "काखेत हात घालून."

"दोन्ही हात?"

"दोन्ही."

"मग रेस कोण देत होतं?"

हिला प्रश्नच कळला नाही.

"अगं, गाडी माझ्या अंगावर आडवी होती आणि इंजिन कोकलत होतं. चाक माझ्या कानाशी गरागरा फिरत होतं, वाळू तोंडात उडत होती. तू मला काही सांगत होतीस ते ऐकू येत नव्हतं त्या आवाजात. तो माणूस धावत वर आला आणि त्याने किल्ली फिरवली, तेव्हा कुठे बंद झालं."

"हे तू वकीलबाईंना सांगितलंस?"

"नाही. कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, या गाड्या अशाच असतात. मी कुठे रोज बसते?"

दुसऱ्या दिवशी नणंदेने वकीलबाईंना फोन केला. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, काचवालीसाठी त्याच मजल्यावरचे एक म्हातारे वकील गाठून दिले. त्यांनी तिला आधी एवढंच विचारलं, "सही केलीत?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग अजून तुमचं काही बिघडलेलं नाही. त्या माणसाचा फोन आला की माझं नाव सांगा आणि ठेवून द्या." फोन आला. तिने नाव सांगितलं आणि ठेवला. दुसरी गोष्ट, वकीलबाईंनी गाडीची तपासणी मागितली. कंपनीने तीनदा तारीख पुढे ढकलली, मग कोर्टाची नोटीस गेली, मग दार उघडलं.

ती शेड टेकड्यांच्या पायथ्याशी होती. पत्र्याचं छप्पर, पेट्रोलचा वास, भिंतीला टांगलेली हेल्मेटं, आणि ओळीने उभ्या असलेल्या अकरा गाड्या. वकीलबाईंनी आणलेला मेकॅनिक साठीचा, जाड हातांचा, कमी बोलणारा. दोन्ही वकील, कंपनीचा मालक आणि तो विम्याचा माणूस बाजूला उभे. नणंद कुबड्यांवर. काचवालीला यायची गरज नव्हती, म्हाताऱ्या वकिलांनी तसं सांगितलंही होतं. पण न येता घरी बसून वाट बघणं तिला जमलं नसतं.

त्यांची गाडी कोपऱ्यात होती. एका बाजूचा पत्रा चेपलेला होता, बाकी तशीच.

मेकॅनिकने हँडलवरचं झाकण उघडलं. अंगठ्याच्या पट्टीपासून इंजिनापर्यंत एक तार जाते. त्याने ती बोटाने वर उचलली. बाकी सगळं गंजलेलं, वाळूने माखलेलं, आणि तार मात्र लखलखीत.

"ही कधी बदलली?" त्याने विचारलं.

"बदलली नाही, जुनीच आहे," मालक म्हणाला.

मेकॅनिकने पट्टी दाबून, सोडून पाहिली. नवी तार नीट चालत होती. पट्टी दाबली की आत, सोडली की बाहेर. म्हणजे जुनी गेली. आता कोण सांगणार ती अडकायची का नाही? विम्याचा माणूस खाली बघून बूट वाळूत घासत होता.

"याच सालातल्या अजून किती?" मेकॅनिकने विचारलं.

चार होत्या. "त्यांचा इथे काय संबंध," मालक म्हणाला. वकीलबाई म्हणाल्या, नोटिशीत आहे. मेकॅनिकने पहिली सुरू केली, रेस दिली, सोडली. ठीक. दुसरी ठीक. तिसऱ्या गाडीची पट्टी त्याने दाबली, इंजिन उसळलं, आणि त्याने दोन्ही हात वर उचलून सगळ्यांना दाखवले.

आवाज खाली आला नाही.

गाडी स्टँडवर चढवलेली होती, चाकं हवेत भिरभिरत होती. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज चहूबाजूंनी येऊन आदळला, आणि त्याच्याबरोबर तिला सगळं एकदम परत मिळालं. उतार, झेप, आणि हो, अंगठा. उचललेला अंगठा, हवेत, ताठ, पट्टी सोडलेली, आणि गाडी तरीही पळतेय. की हे तिला आता, या क्षणी, दिसावंसं वाटत होतं म्हणून दिसत होतं? ती भिंतीला टेकली. मेकॅनिक अजून हात वर करून उभाच होता. नणंदेने एक कुबडी टाकून दिली आणि तिचा दंड धरला. "हाच," ती तिच्या कानात ओरडली. "हाच आवाज."

मेकॅनिकने किल्ली फिरवली.

त्यानंतर विम्याचा माणूस कुणाला दिसला नाही. पत्रं आली, पत्रं गेली. चौदा महिन्यांनी, सुनावणीच्या आदल्या आठवड्यात, कंपनीने कोर्टाबाहेर मिटवायचं ठरवलं. नणंदेला भरपाई मिळाली, उपचार आणि बुडालेला पगार भागून वर थोडं उरेल इतकी. टेकड्यांवरची शेड बंद झाली. त्या जुन्या गाड्या कुठे गेल्या, ते कुणी सांगितलं नाही. तडजोडीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, की कोणाचीही चूक होती असं यातून समजू नये. काचवालीने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. तिला एक असा कागद हवा होता ज्यावर लिहिलेलं असेल की ही चूक तुझी नव्हती. म्हाताऱ्या वकिलांना तिने तसं विचारलं. ते म्हणाले, "असा कागद मी आजवर बघितला नाही, बाई."

सह्या झाल्या त्या दिवशी संध्याकाळी नवरा भांडी विसळायला तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने एक पातेलं धुतलं, दुसरं घेतलं.

"मी तुला कधी विचारलं नाही," तो म्हणाला.

"माहितेय."

"तू हो म्हणाली असतीस तर पुढे काय करायचं, ते मला सुचत नव्हतं. बहीण ती, बायको तू. म्हणून विचारलंच नाही."

तिने धुतलेलं पातेलं उचलून पालथं घातलं. म्हणजे घरात तिघंही घाबरलेली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच.

पुढच्या महिन्यात नणंद आपल्या खोलीवर परत राहायला गेली. टपाल वाटणं गेलं ते गेलंच. आता तिला वर्गवारीच्या टेबलावर बसवलं होतं, आणि तिथे बसून बसून ती वैतागायची. खोली पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या. सामान वर पोचलं होतं. ती काठी घेऊन खाली उभी राहिली आणि हिने पुढे केलेला हात तिने बाजूला सारला.

"माझी मी चढते. मागेही येऊ नकोस, मला दडपण येतं."

काचवाली खाली थांबली. गुडघा वाकत नव्हता. नणंद आधी काठी टेकवायची, मग चांगला पाय, मग दुखरा पाय अर्धगोल फिरवून वर ओढायची. आठव्या पायरीवर ती डुलली आणि खाली हिने कठडा घट्ट धरला. अकराव्या पायरीवर ती कठड्याला टेकून थांबली, कपाळ पुसलं. हिला डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण मिटले तर तेवढ्यातच ती पडेल असं वाटून ती बघत राहिली.

सगळ्या पायऱ्या संपल्या. कुलूप उघडल्याचा आवाज आला, खिडकी उघडल्याचा आला. मग कठड्यावरून नणंदेचं तोंड दिसलं, घामाने निथळलेलं.

"वहिनी, वर ये की. का तिथेच मुक्काम करणार?"

"आले," ती म्हणाली, आणि कठडा धरून चढायला लागली.